विमानाच्या पंखांतील तुळई

'घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यांत आणखी एका गोष्टीची भर घालावयास हरकत नाहीं : जुनें घर पाहावें ठोकून. दुसऱ्यानें बांधलेलें घर विकत घेणारा जाणता मनुष्य भिंतीवरील ताज्या रंगावर भुलत नाहीं. तो माळ्यावर चढतो, तुळईवर काठीनें ठोकून पाहतो, तिच्या टोकाशीं वाळवी लागली आहे काय याचा शोध घेतो, आणि मगच किंमतीची गोष्ट काढतो. घराची तुळई निदान दिसते तरी. विमानाच्या पंखांतील तुळई मात्र कापडानें किंवा धातूच्या पत्र्यानें चारी बाजूंनीं झांकलेली असते. आणि ती मोडली तर शेजारच्या खोलींत जाऊन निजण्याची सोय नसते.

युरोप-अमेरिकेंत हजारों हौशी लोकांनीं आपल्या हातांनीं लहान विमानें बांधलीं आहेत. बांधणाऱ्याची हौस फिटते, तो वृद्ध होतो, किंवा मरण पावतो. मग तें विमान दुसऱ्याच्या, पुढें तिसऱ्याच्या हातीं जातें. अशा वेळीं घेणाऱ्याचें लक्ष सहजच इंजिनाकडे जातें. कारण इंजिन दिसतें व त्याचा आवाज ऐकूं येतो. परंतु इंजिन बंद पडलेलें विमान तरंगत तरंगत एखाद्या शेतांत उतरवितां येतें. पंख मोडलेलें विमान उतरवितां येत नाहीं. या जातीच्या विमानाच्या पंखाला मागाहून कोणती बळकटी द्यावी लागली, आणि ती समोर उभ्या असलेल्या या विशिष्ट विमानाला खरोखर दिली गेली आहे काय, हा प्रश्न म्हणून सर्वांत आधीं विचारावयाचा असतो. शंभर वर्षांच्या अनुभवांतून तो निघालेला आहे, आणि त्या अनुभवाचें मोल माणसांनीं प्राणांनीं चुकविलेलें आहे.

घरीं विमान बांधण्याची हौस विमानविद्येइतकीच जुनी आहे. ब्राझीलचा सांतोस-द्युमाँ यानें पॅरिसमध्यें 'देम्वाझेल' नांवाचें एक चिमुकलें विमान तयार केलें होतें. त्याच्या सांगाड्यांत बांबूचा उपयोग केलेला होता. या विमानावर त्यानें कोणताही एकाधिकार राखून ठेवला नाहीं. ज्याला हवें त्यानें तें बांधावें अशी त्याची इच्छा होती. १९१० सालीं 'पॉप्युलर मेकॅनिक्स' या अमेरिकन मासिकानें त्याचे नकाशे छापले, आणि सुताराची हत्यारें जवळ असलेल्या तरुणांना आकाश हाताच्या अंतरावर आल्यासारखें वाटूं लागलें. ही हौस महाराष्ट्रालाही अपरिचित नाहीं. अमोल यादव या वैमानिकानें मुंबईच्या कांदिवली उपनगरांत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलें, आणि २०१७ सालीं त्याची सरकारदरबारीं नोंद झाली, ही वार्ता सर्वश्रुत आहे.

पंखावर कोणता भार पडतो हें एकदां समजून घेतलें म्हणजे पुढील इतिहास सुलभ होतो. विमान जमिनीवर उभें असतां पंख आपल्याच वजनानें किंचित् खालीं वांकूं पाहतात. तें हवेंत चढलें कीं स्थिति उलटते. आतां पंख विमानाला उचलून धरतात. हवा पंखांना वर ढकलते आणि मधल्या देहाचें वजन त्यांना खालीं ओढतें. घराच्या भिंतींतून बाहेर काढलेला सज्जा उलटा केला म्हणजे विमानाचा पंख झाला असें समजावें. सज्जा जसा भिंतीशीं मोडतो तसा पंखही बहुधा मुळाशीं मोडतो, कारण सर्व ताण तेथें एकवटतो. पंखाच्या पोटांतून टोकापर्यंत गेलेली जी मुख्य तुळई, तिच्या वरच्या पट्टीवर उड्डाणांत दाब पडतो व खालच्या पट्टीवर ओढ पडते. पातळ पट्टी ओढ पुष्कळ सोसते. परंतु दाबाखालीं ती एकाएकीं मुरडते. पातळ पत्र्याची पट्टी दोन्ही टोकांनीं दाबून पाहिली तर हें कोणालाही कळेल. शिवाय हा भार नेहमीं सारखा राहत नाहीं. सरळ उडतांना तो विमानाच्या वजनाइतका असतो. उंची न सोडतां साठ अंश कलून वळण घेतलें कीं दुप्पट होतो. आणि वेगानें खालीं येणारें विमान झटक्यानें वर उचललें तर तो कित्येक पटींनीं वाढतो.

प्रारंभींच्या विमानविद्येला हें सर्व ठाऊक होतें असें नाहीं. २५ जुलै १९०९ रोजीं लुई ब्लेरिओ यानें इंग्लिश खाडी ओलांडली, तेव्हां त्याचें एकपंखी विमान जगभर प्रसिद्ध झालें. त्याचे पंख वरून व खालून तारांनीं ताणून धरलेले होते. या विमानांत पंचवीस अश्वशक्तीचें इंजिन होतें. लेओं दलाग्रांज या नामांकित वैमानिकानें आपल्या ब्लेरिओ विमानांत पन्नास अश्वशक्तीचें 'नोम' इंजिन बसविलें. ४ जानेवारी १९१० रोजीं बॉर्दो शहराजवळ त्याच्या विमानाचा पंख हवेंत मोडला आणि तो मृत्यु पावला. इंजिन बदललें, वेग वाढला, वजन वाढलें. परंतु पंख तोच राहिला. पुढें घरगुती विमानांच्या इतिहासांत वारंवार दिसणाऱ्या प्रकाराचा हा पहिला ठळक नमुना होय. यंत्राचा एक भाग सुधारला म्हणजे दुसऱ्या भागावर काय ओढवतें याचा हिशेब कोणी तरी करावा लागतो.

दलाग्रांजच्या मृत्यूनंतरही ब्लेरिओच्या विमानांचे पंख मोडण्याचे प्रकार थांबले नाहींत. १९१२ च्या आरंभीं स्वतः ब्लेरिओनें फ्रेंच लष्कराला या बाबतींत एक निवेदन सादर केलें. त्याचा निष्कर्ष सर्वांना चकित करणारा होता. खालच्या तारा उड्डाणाचा भार सोसतात म्हणून त्या मजबूत ठेवल्या जात. वरच्या तारांचें काम जमिनीवर पंख लोंबूं न देणें एवढेंच आहे, अशी सर्वांची समजूत होती, म्हणून त्या बेताच्या ठेवल्या जात. परंतु वैमानिक विमानाचें नाक एकदम खालीं करतो तेव्हां हवेचा दाब क्षणभर पंखाच्या वरच्या अंगावर येतो, आणि त्या वेळीं पंख वरच्या दुबळ्या तारांवर लटकतो. त्या तारा तुटल्या कीं पंख खालीं मिटतो. फ्रेंच लष्करानें ताबडतोब एकपंखी विमानांचें उड्डाण थांबविलें व वरच्या तारा मजबूत झाल्यावरच पुन्हां परवानगी दिली. ज्याचा माल बाजारांत खपत आहे त्यानेंच त्यांतील दोष जाहीर करावा ही गोष्ट थोरपणाची होती. त्याच वर्षीं सप्टेंबरांत कांहीं अपघातांनंतर ब्रिटिश लष्करानेंही एकपंखी विमानें बंद ठेवलीं. चौकशीसमितीनें एकपंखी रचनेला मुळांत दोषी धरलें नाहीं. तारा, जोड आणि तपासणी यांकडे तिनें बोट दाखविलें. १९१३ सालीं बंदी उठली.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ती विमानें लष्कराच्या ताब्यांत होतीं. हुकूम सुटला आणि सर्व विमानें एकदम जमिनीवर आलीं. तारा बदलल्या आणि तपासणी झाल्यावर तीं पुन्हां उडालीं. कारखान्यांत तयार होणाऱ्या नागरी विमानांनाही पुढें हीच शिस्त लागली. नमुन्याचे पंख भार लादून पाहावयाचे, प्रसंगीं विमान उलथें टांगून पंखांवर वाळूच्या पिशव्या रचावयाच्या, आणि दोष आढळला तर दुरुस्तीचा बंधनकारक आदेश प्रत्येक मालकाला पाठवावयाचा. परंतु जें विमान गांवोगांवच्या पडव्यांतून व गॅरेजांतून वेगवेगळ्या हातांनीं बांधलें जातें, त्याला हुकूम कोण सोडणार?

या प्रश्नाची पहिली मोठी कसोटी आंरी मिन्ये या फ्रेंच गृहस्थाच्या विमानानें लावली. ज्याला खोकें ठोकतां येतें त्याला विमान बांधतां येतें, अशी त्याची शिकवण होती. १९३४ सालीं त्यानें आपल्या चिमुकल्या 'पू-द्यु-सिएल'ची, म्हणजे 'आकाशांतील उवे'ची, सर्व कृति पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. ऑगस्ट १९३५ मध्यें तो स्वतः तें विमान घेऊन इंग्लिश खाडी पार करून गेला आणि इंग्लंडांत त्याचें वेड पसरलें. मग अपघात सुरू झाले. १९३६ सालीं फ्रान्स व इंग्लंड या दोन्ही देशांत पूर्ण आकाराचें विमान मोठ्या वायुबोगद्यांत ठेवून परीक्षा करण्यांत आली. नाक एका मर्यादेपलीकडे खालीं गेलें तर पुढच्या व मागच्या पंखांमधील हवेच्या प्रवाहामुळें तें पुन्हां वर येत नाहीं, असें आढळलें. हा दोष पंखाच्या बळकटीचा नव्हता, रचनेचा होता. पण त्यांतून निघालेला धडा बळकटीच्या प्रश्नालाही तसाच लागू पडतो. मूळ नकाशा सुधारतां येतो. परंतु जुन्या नकाशावरून जें बांधून झालें, तें सुधारण्यासाठीं प्रत्येक पडवीपर्यंत कोणी तरी पोंचावें लागतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर हौशी लोकांनीं आपल्या संस्था उभारल्या. ब्रिटनमध्यें १९४६ सालीं अशी संघटना निघाली. अमेरिकेंत १९५३ सालीं मिलवॉकी येथें पॉल पोबेरेझ्नी यांनीं 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' स्थापन केली. अमेरिकन कायद्यानें या विमानांना 'प्रायोगिक' असा निराळा वर्ग दिला. विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी माणसांनीं शिक्षणासाठीं वा करमणुकीसाठीं स्वतः बांधलेला असावा, ही त्यांतील मुख्य अट. बांधणाऱ्याला आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा दाखला मिळूं शकतो. परंतु विमान विकलें म्हणजे तो अधिकार घेणाऱ्याकडे जात नाहीं. त्याला सनदी यंत्रज्ञाकडे जावें लागत असे. या भेदामागें मोठें तत्त्व आहे. बांधणाऱ्यानें विमानाचें अंतरंग पाहिलेलें असतें. घेणाऱ्यानें फक्त बाहेरचा रंग पाहिलेला असतो. या स्वातंत्र्याची दुसरी बाजू अशी कीं, कारखान्याच्या विमानाप्रमाणें दुरुस्तीचा आदेश येथें सहसा सक्तीनें लागू होत नाहीं. रचनाकार पत्रक काढतो, शिफारस करतो. अंमल करणें बहुतांशीं मालकाच्या सदसद्विवेकावर राहतें.

या व्यवस्थेची अलीकडच्या काळांतील सर्वांत कठोर परीक्षा 'झोडिअॅक सी एच ६०१ एक्स एल' या विमानाच्या प्रकरणांत झाली. त्याचे रचनाकार ख्रिस हाइन्ट्झ हे कोणी नवशिके नव्हते. 'कॉन्कॉर्ड' या ध्वनीहून जलद विमानाच्या कामावर ते होते. पुढें कॅनडांत स्थायिक होऊन त्यांनीं हौशी लोकांसाठीं सोप्या धातूच्या विमानांची परंपराच निर्माण केली. अमेरिकेंतील मिझुरी संस्थानांत त्यांच्या कुटुंबाची 'झेनिथ' कंपनी या विमानांचे सुटे भाग पुरवीत असे. झोडिअॅक हें दोन आसनांचें, खालच्या पंखाचें, संपूर्ण अॅल्युमिनियमचें विमान. पत्रे कापावे, रिव्हेट मारावे आणि जोडावें, इतकी त्याची रीत सुलभ. कांहीं विमानें घरीं बांधलीं गेलीं, कांहीं कारखान्यांतून तयार होऊन आलीं.

२००६ च्या फेब्रुवारीपासून २००९ च्या मार्चपर्यंत या जातीचीं सहा विमानें हवेंत मोडून पडलीं : कॅलिफोर्नियांत दोन, फ्लोरिडांत एक, युटांत एक, स्पेनमध्यें एक आणि हॉलंडांत एक. दहा माणसें मृत्युमुखीं पडलीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें एप्रिल २००९ मध्यें तातडीची शिफारस केली कीं, हीं विमानें उडूं देऊं नयेत. मंडळाचा मुख्य संशय 'फडफडी'वर होता. पंखाच्या मागच्या कडेला विमान कलविण्यासाठीं जी हलती झडप असते, तिला ऐलरॉन म्हणतात. ती व पंख एका विशिष्ट वेगाला एकमेकांना साथ देऊन थरथरूं लागले तर हा कंप क्षणाक्षणाला वाढतो आणि थोड्याच वेळांत पंख फाडून टाकतो. तोलवजन लावलेली झडप असा कंप सहजीं धरीत नाहीं. झोडिअॅकच्या झडपेला तें वजन नव्हतें. झडप हलविणाऱ्या तारदोरांचा ताण बरोबर ठेवला तर धोका नाहीं, असें रचनाकारांच्या बाजूचें म्हणणें होतें. उड्डाणें तत्काळ बंद झालीं नाहींत. मालकांत दोन पक्ष पडले. ज्यानें दोन-चार वर्षें खपून आपलें विमान बांधलें, त्याला त्याच्या पंखाविषयीं शंका ऐकून घेणें किती जड जातें, हें मनुष्यस्वभाव जाणणारास सांगावयास नको.

६ नोव्हेंबर २००९ रोजीं आर्कान्सॉ संस्थानांत आणखी एक झोडिअॅक कोसळलें आणि त्याचा वैमानिक ठार झाला. दुसऱ्याच दिवशीं अमेरिकेच्या केंद्रीय विमान-प्रशासनानें पत्रक काढलें. पंखाला बळकटी दिल्यावांचून या जातीच्या विमानांना नवा उड्डाणयोग्यतेचा दाखला मिळणार नाहीं असें ठरलें, आणि चालू विमानांच्या मालकांना आधीं दुरुस्ती व मग उड्डाण अशी निकराची शिफारस करण्यांत आली. जानेवारी २०१० मध्यें प्रशासनाचा तपशीलवार अहवाल निघाला. त्यानें एकट्या फडफडीवर सर्व दोष ठेवला नाहीं. सहाशें किलो वजनाच्या विमानासाठीं धरलेला भार अपुरा होता. दाबाखालीं पंखाचे पातळ भाग मुरडण्याचा संभव होता. वेगमापक खरा वेग दाखवितो कीं नाहीं, याची खात्री करून घेणें जरूर होतें. आणि सुकाणूच्या दांड्याला लागणारा जोर हलका असल्यामुळें वैमानिकाच्या हातून नकळत पंखावर जादा भार पडूं शकत होता. ब्लेरिओच्या तारांची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. शतक उलटलें, तारांच्या जागीं अॅल्युमिनियम आलें. पण पंखावर प्रत्यक्ष किती भार येईल, या अंदाजांतील उणीव मात्र पूर्वीचीच.

यावर जी बळकटी सांगण्यांत आली तिचे भाग ध्यानांत घेण्यासारखे आहेत. मुख्य तुळईच्या पट्ट्यांना जोडपट्ट्या बसवावयाच्या. देहांतून आरपार जाणारी मधली तुळई भक्कम करावयाची. मागच्या लहान तुळईचा जोड सुधारावयाचा. पत्रा मुरडूं नये म्हणून आंतून आधार द्यावयाचे. आणि ऐलरॉनला तोलवजन लावावयाचें. सुधारलेल्या विमानाच्या नांवापुढें 'बी' हें अक्षर आलें. तयार विमानावर हें काम करणें म्हणजे पंख उतरवावयाचे, शेंकडों रिव्हेट काढून पत्रा उघडावयाचा, आणि आंतील काम आटोपून तो पुन्हां पहिल्यासारखा बंद करावयाचा. काम जितकें कष्टाचें, तितका तें अर्धवट टाकण्याचा मोह मोठा. आणि पत्रा एकदां बंद झाला म्हणजे पुरें काम व अर्धें काम बाहेरून सारखेंच दिसतें.

म्हणूनच वापरलेलें विमान घेणाऱ्यानें विक्रेत्याच्या 'होय, बळकटी दिली आहे' या तोंडी उत्तरावर किंवा नांवापुढील अक्षरावर थांबूं नये. विक्रेता खोटें बोलतो असें मुळींच नव्हे. पुष्कळदां तोही दुसरा किंवा तिसरा मालक असतो, आणि ऐकलेलेंच सांगत असतो. प्रथम विमानाची नोंदवही पाहावी. दुरुस्ती कोणत्या तारखेस झाली, कोणत्या नकाशाप्रमाणें झाली, सही कोणाची आहे, हें तींत असलें पाहिजे. काळजीनें काम करणारा माणूस पत्रा बंद करण्यापूर्वीं आंतील छायाचित्रें घेऊन ठेवतो, तीं मागावीं. मग तोच नकाशा हातीं घेऊन पंखाखालचीं तपासणीचीं झांकणें उघडवावीं, आणि दिवा व लहान आरसा, किंवा हल्लीं मिळणारा बारीक तारेवरचा कॅमेरा आंत घालून, एकेक भाग नकाशाशीं ताडून पाहावा. नकाशांत चार आधार असतील तर डोळ्यांना चार दिसले पाहिजेत. उजव्या पंखांत आहेत म्हणून डाव्यांतही असतील असें धरूं नये.

कामाच्या दर्जाचीं चिन्हें निराळीं असतात. रिव्हेटभोंवतीं काळसर भुकटीचें कडें दिसलें तर तो रिव्हेट सैल होऊन घासत आहे असें समजावें. पंखाच्या मुळाजवळ पत्र्यावर सुरकुती असेल तर त्या पंखानें केव्हां तरी जादा भार सोसला असण्याचा संभव असतो. पंख व देह जोडणाऱ्या बोल्टांचीं भोकें वाटोळीं आहेत कीं लांबट झालीं आहेत, हें पाहावें. तारदोरांचा ताण हातानें अजमावूं नये, मापकानें मोजावा. विमान कधीं आपटून उतरलें होतें काय, इंजिन बदललें काय, वजन वाढलें काय, हेंही विचारावें. दलाग्रांजनें हाच प्रश्न स्वतःला विचारावयास हवा होता. आणि हें सर्व एकट्यानें न करतां, त्याच जातीचें विमान स्वतः बांधलेला किंवा दुरुस्त केलेला, व या सौद्यांत ज्याचा हितसंबंध नाहीं असा, जाणता मनुष्य बरोबर न्यावा. त्याला द्यावा लागणारा मोबदला हा सर्व व्यवहारांतील सर्वांत स्वस्त खर्च होय.

बळकटी दिलेली नाहीं असें आढळलें तर विमान घेऊंच नये असें नाहीं. दुरुस्तीचा खर्च व वेळ हिशेबांत धरून तें घेतां येईल. परंतु अशा विमानांत बसून तें घरीं उडवीत नेण्याचा विचार मनांतही आणूं नये; पंख उतरवून तें गाडीवर घालून न्यावें. किंमत कमी करून देणारा विक्रेता पुष्कळदां उदार वाटतो. पण किंमतींत सूट मिळाली तरी हवेच्या दाबांत सूट मिळत नाहीं.

ब्लेरिओनें आपल्या मालांतील दोष जगासमोर मांडला. मिन्येच्या विमानाची परीक्षा दोन राष्ट्रांनीं केली. झोडिअॅकच्या अपघातांतून सुधारलेला नकाशा तयार झाला. याप्रमाणें ज्ञान मिळालें, तें छापलें गेलें, आणि आज तें कोणालाही उपलब्ध आहे. परंतु छापलेलें ज्ञान आपल्या पायांनीं चालत जाऊन पंखांत शिरत नाहीं. प्रत्येक विमानांत तें कोणाच्या तरी हातांनीं घालावें लागतें, आणि तें घातलें गेलें कीं नाहीं हें कोणाच्या तरी डोळ्यांनीं पाहावें लागतें. विमान बांधणाऱ्याचा हात एकदां त्यावरून निघाला, म्हणजे हे डोळे घेणाऱ्याचे असले पाहिजेत. शेजारच्या आसनावर विश्वासानें येऊन बसणारा सोबती ती तुळई पाहूं शकत नाहीं. त्याच्या वतीनें ती पाहणें हें घेणाऱ्याचें पहिलें कर्तव्य आहे.